गंजलेल्या मोटारीचा जीर्णोद्धार

जुन्या देवळाचा जीर्णोद्धार करणाऱ्यास पुण्य लागतें, असें आपण सर्वजण लहानपणापासून ऐकत आलों आहों. जुन्या मोटारीचा जीर्णोद्धार करणाऱ्यास काय लागतें, हा प्रश्न आम्हांस कोणी पूर्वीं विचारला असता तर आम्ही तो हंसून सोडून दिला असता. आतां त्याचें उत्तर अनुभवानें ठाऊक झालें आहे. प्रथम पैसा लागतो. मग जागा लागते. मग वेळ लागतो. आणि या तिहींहून अधिक म्हणजे, आपणांस कांहीं येत नाहीं हें घरच्या माणसांसमोर कबूल करण्याचें धैर्य लागतें. ज्या वाचकांच्या मनांत असा एखादा छंद घेण्याचा विचार घोळत असेल त्यांस आमच्या चुकांचा उपयोग व्हावा, म्हणून ही हकीकत लिहीत आहों.

आम्ही पुष्कळ वर्षांपासून अमेरिकेंत, मिशिगन राज्यांत, डेट्रॉइट शहराजवळ राहतों. पेशा इंजिनियरचा, परंतु हल्लींचा इंजिनियर म्हणजे संगणकापुढें बसून आंकडेमोड करणारा कारकून, हें त्या पेशांतील लोक खासगींत कबूल करतील. मोटारीच्या भागांवर पडणाऱ्या ताणाचें गणित करण्यांत आमचीं वीस वर्षें गेलीं, पण मोटारीचा एक नट स्वतःच्या हातानें सैल करण्याचा प्रसंग आला नव्हता. आमचे तीर्थरूप आप्पा सांगलीस हायस्कुलांत गणित शिकवीत असत. मातोश्री निवर्तल्यावर, २०१८ सालीं, ते आमच्याकडे राहावयास आले. वयाचीं ब्याऐंशी वर्षें उलटलेलीं, ओळखीचें कोणी नाहीं, बर्फामुळें चार महिने फिरावयास जाण्याची सोय नाहीं. त्यांचा दिवस खिडकीशीं सुरू होई व खिडकीशींच संपे. मुलगा तेरा वर्षांचा. तो आपल्या खोलींत, आम्ही आपल्या कामांत, आप्पा खिडकीशीं. एका छपराखालीं राहणाऱ्या तीन पिढ्यांची गांठ काय ती जेवणाच्या वेळीं पडे, आणि तेथेंहि बोलण्याजोगें फारसें उरलें नव्हतें. “एकत्र कुटुंब म्हणजे नुसतें एकत्र राहणें नव्हे,” असें आमच्या पत्नीनें दोनदां बोलून दाखविलें होतें. तिचें म्हणणें खरें होतें, म्हणूनच आम्हीं तें दोन्ही वेळां ऐकून न ऐकल्यासारखें केलें.

अशा स्थितींत २०१९ च्या शरदांत, गांवाबाहेरच्या एका शेतावर, पत्र्याच्या पडवीखालीं ती मोटार आमच्या दृष्टीस पडली. चारहि चाकांतील हवा गेलेली, पुढच्या आसनावर उंदरांचें घर, आणि दाराखालचा पत्रा हात लावतांच पापडासारखा मोडणारा. मालक म्हणाले, “ही १९६८ सालची जी. टी. ओ. आहे.” तीं तीन अक्षरें ऐकून आमची सारी इंजिनियरी विरघळली.

ही जात कोणती?

तीं अक्षरें एवढीं मोलाचीं कां, हें सांगणें जरूर आहे. अमेरिकेंत ज्यांस ‘मसल कार’, म्हणजे दांडग्या स्नायूंची मोटार, असें म्हणतात त्या जातीचें बीज अगदीं साधें आहे. मध्यम आकाराची, दोन दारांची, सामान्य नोकरदारास परवडेल अशी मोटार घ्यावयाची आणि तिच्या पोटांत मोठ्या मोटारीचें इंजिन बसवावयाचें. या जातीची आद्य मोटार म्हणून बहुतेक जाणकार १९६४ सालच्या पॉन्टिअॅक जी. टी. ओ. कडे बोट दाखवितात. तिच्या जन्माची कथा मनोरंजक आहे. जनरल मोटर्स कंपनीनें १९६३ च्या आरंभीं आपल्या सर्व शाखांस शर्यतींतून अंग काढून घेण्याचा हुकूम दिला होता; शिवाय मध्यम आकाराच्या मोटारींत ३३० घनइंचांहून मोठें इंजिन घालूं नये असाहि नियम होता. पॉन्टिअॅक शाखेचे मुख्य इंजिनियर जॉन डिलोरियन आणि त्यांचे सहकारी बिल कॉलिन्स व रस जी यांनीं यांतून वाट काढली. नवी मोटार म्हणून ती काढली असती तर नियम आडवा आला असता. म्हणून त्यांनीं टेंपेस्ट लमान्स या चालू मोटारीस ३८९ घनइंचांचें, ३२५ अश्वशक्तीचें इंजिन ‘ऐच्छिक सामान’ म्हणून देऊं केलें. नियमाचें अक्षर पाळून त्याच्या हेतूस बगल देण्याचें हें कसब आपल्याकडील एखाद्या कसलेल्या वकिलास शोभण्यासारखें आहे. नांव मात्र इटलींतील फेरारी कंपनीच्या शर्यतीच्या मोटारीवरून सरळ उचललें. पहिल्याच वर्षीं अशा ३२,४५० मोटारी खपल्या, आणि नियम मोडल्याबद्दल शिक्षा होण्याऐवजीं इतर कंपन्या तसल्याच मोटारी काढण्यास धांवल्या.

या जातीचें आयुष्य मात्र अल्प ठरलें. तरुण चालकांच्या विम्याचे दर चढले. १९७० सालीं हवेच्या शुद्धतेचा कायदा कडक झाला. १९७३ च्या अखेरीस अरब राष्ट्रांनीं अमेरिकेस होणारा तेलाचा पुरवठा रोखला. १९७४ नंतर जी. टी. ओ. हें नांव तीस वर्षें मोटारींवरून नाहींसें झालें. २००४ पासून तीन वर्षें तें पुन्हा दिसलें. पण पुढें २०१० सालीं पॉन्टिअॅक ही शाखाच बंद पडली. १९२६ सालीं सुरू झालेलें तें नांव आतां मिशिगनमधील त्या गांवाच्या पाटीवर आणि आमच्यासारख्यांच्या मोटारखान्यांत उरलें आहे.

गंजाचें शास्त्र

आम्हीं नऊ हजार डॉलर मोजले आणि मोटार दुसऱ्या गाडीवर चढवून घरीं आणली. पुढचा दांडा चकचकीत क्रोमचा आहे, जी. टी. ओ. चा तर रंगाशीं मिळणारा, रबरासारखा असतो, अशी शंका आम्हीं मालकांजवळ काढली होती. ते म्हणाले कीं त्या वर्षीं कित्येक ग्राहकांनीं क्रोमचाच दांडा मागून घेतला होता. ही गोष्ट खरी होती. माणूस धडधडीत खोट्यानें क्वचित् फसतो. तो बहुधा अशा खऱ्या गोष्टीनेंच फसतो.

पहिल्या आठवड्यांत आंतील गालिचा उचलला तेव्हां खालचा तळ जवळजवळ नव्हताच. लोखंड, पाणी व हवेंतील प्राणवायु यांच्या संयोगानें गंज होतो हें शाळेंत सर्वच शिकतात. परंतु गंज मूळ लोखंडाहून अधिक जागा व्यापतो, त्यामुळें त्याचे पापुद्रे सुटतात, ते सच्छिद्र असल्यानें ओल धरून ठेवतात, आणि त्या ओलींत मीठ मिसळलें म्हणजे हा सारा व्यवहार कैक पटींनीं जलद चालतो, हें आम्ही तो तळ खरवडतांना शिकलों. डेट्रॉइट शहराच्या खालीं अकराशें फुटांहून अधिक खोलीवर मिठाची मोठी खाण आहे. हिंवाळ्यांत रस्त्यावरील बर्फ वितळविण्यासाठीं तसलें मीठ टाकतात. ज्या भूमीनें या मोटारी घडविल्या तिच्याच पोटांतील मिठानें त्या खाल्ल्या, असें म्हणण्यास हरकत नाहीं. मुंबई-रत्नागिरीकडील ज्या वाचकांच्या दारांत एखादी जुनी फियाट उभी असेल, त्यांस समुद्रावरील खारी हवा तेंच काम कसें करते हें निराळें सांगावयास नको.

नवशिक्यानें हें ध्यानांत ठेवावें कीं डोळ्यांस दिसणारा गंज हा खरा शत्रु नव्हे. रंगाचा फुगवटा दिसला कीं त्याच्यामागें तळहाताएवढें भोंक असतें. पायाखालचा तळ, सामानपेटीचा तळ, मागच्या चाकांवरील पत्र्याची खालची कड, दारांखालचा आडवा पेटीसारखा भाग, आणि पाठीमागच्या कांचेखालची पन्हळ, इतक्या जागा लोहचुंबक व बोथट टोंच्या घेऊन तपासल्यावांचून अशी मोटार विकत घेऊं नये. आम्हीं विकत घेतल्यावर तपासल्या.

आप्पांची वही

डिसेंबरांतील एका रविवारीं आम्ही मोटारखान्यांत बोल्ट काढीत होतों व काढलेला प्रत्येक बोल्ट बिस्किटांच्या एका डब्यांत टाकीत होतों. दोन कोट अंगावर चढवून आप्पा दारांत येऊन उभे राहिले. थोडा वेळ त्यांनीं पाहिलें आणि विचारलें, “असे टाकतो आहेस, ते परत कोणता कोठें बसवणार?”

आम्ही म्हणालों, “बघूं, आप्पा. अंदाज येईल.”

“अंदाजाला मार्क नसतात,” एवढेंच बोलून ते आंत गेले आणि मुलाकडून शंभर पानी वही मागून घेऊन आले.

त्या दिवसापासून ते या कामाचे दफ्तरदार झाले. प्रत्येक बोल्ट कागदाच्या पुडींत, पुडीवर क्रमांक, वहींत त्याच क्रमांकापुढें कोठून काढला, लांबी किती, सोबत वॉशर किती, गंज किती. काढण्यापूर्वीं मुलानें छायाचित्र घ्यावयाचें आणि त्याचाहि क्रमांक वहींत जावयाचा. आजोबा सांगतात म्हणून नातवास मोजपट्टी हातीं घ्यावी लागली, आणि नातू इंग्रजींत सांगतो म्हणून आजोबांस ‘फायरवॉल’ व ‘रॉकर’ हे शब्द शिकावे लागले. सबंध मोटार सुटी झाली तेव्हां वहींत सहाशें चौऱ्याऐंशी पुड्यांची नोंद होती. कित्येक अनुभवी लोक सांगतात कीं असल्या मोटारी गंजानें मरत नाहींत, उघडून ठेवल्यावर जुळवितां न आल्यानें मरतात. आमची मोटार त्या मरणांतून वांचली ती या वहीमुळें.

परंतु याच वहीनें आमच्या डोक्यावर घणहि घातला. पहिल्या पानावर मोटारीचें नांव, साल व क्रमांक लिहावा म्हणून आप्पांनीं पुढच्या कांचेच्या डाव्या कोपऱ्याशीं असलेली क्रमांकपट्टी पुसून तेरा अंक-अक्षरें उतरून घेतलीं. गणिताच्या मास्तरांस अर्थ नसलेला आंकडा सहन होत नाहीं. “बाळ, यांतला कोणता आंकडा काय सांगतो, तें शोधून काढ,” असें त्यांनीं नातवास सांगितलें. अर्ध्या तासानें मुलगा पडलेल्या चेहऱ्यानें आला. पहिला २ म्हणजे पॉन्टिअॅक. त्यापुढील दोन आंकडे म्हणजे मोटारीचें कूळ. त्या सालची जी. टी. ओ. असेल तर आरंभ २४२ असा हवा. आमच्या पट्टीवर २३७ होते. २३७ म्हणजे लमान्स.

सांगाडा तोच, कारखाने तेच, अंगलट तीच. पण ४०० घनइंचांच्या इंजिनाऐवजीं ३५० घनइंचांचें, ३५० अश्वशक्तीऐवजीं २६५ अश्वशक्तीचें. जी. टी. ओ. ची साधी, घरगुती बहीण. कोणीतरी वरून तिला उसनीं अक्षरें चिकटविलीं होतीं. लग्न जमवितांना गोत्र-प्रवर विचारणाऱ्या कुळांत जन्मून आम्हीं मोटारीचें गोत्र न विचारतां तिला घरांत आणली होती. वाईट याचें वाटलें कीं तोच क्रमांक खरेदीच्या कागदावरहि छापलेला होता, आणि तो कागद तीन महिने आमच्याच टेबलाच्या खणांत होता.

आतां काय करावें?

विकणाऱ्यांस पत्र घातलें. उत्तर आलें नाहीं. त्यांनाहि ती अशीच कोणाकडून मिळाली असेल, कोण जाणे. नऊ हजारांपैकीं निम्म्याहून अधिक पाण्यांत गेले होते, आणि मोटारीचा तळ कापून झाल्यामुळें ती परत विकण्याचीहि सोय उरली नव्हती. पत्नीस सांगणें भाग होतें. सारा हिशेब आम्हीं तिच्यापुढें ठेवला. ती रागावली नाहीं, तिनें एवढेंच विचारलें, “क्रमांक बघितला नव्हतात?” रागावली असती तर बरें वाटलें असतें.

त्या रात्रीं मुलगा म्हणाला, “बाबा, तीं अक्षरें बाजारांत नवीं मिळतात. पुढचा दांडाहि मिळतो. आपण जी. टी. ओ. च करूं. नाहींतरी आजवर सगळे तिला तेंच म्हणत होते. कांच पुसून आंकडे कोण वाचतो?”

खरें लिहावयाचें तर हें म्हणणें आम्हांस पटूं लागलें होतें. क्रमांकपट्टी बदलणें हा गुन्हा आहे, तो आम्ही करणार नव्हतोंच. पण अक्षरें चिकटविण्यास कायद्याची आडकाठी नाहीं. अशा नकला उघडपणें बनविणारे पुष्कळ आहेत, आणि विचारल्यावर नक्कल आहे असें सांगणाऱ्यांस कोणी नांवें ठेवीत नाहीं. परंतु आमच्या मनांत काय होतें तें आम्हांस ठाऊक होतें: कोणी न विचारल्यास न सांगण्याचें. तेरा-चौदा वर्षांच्या मुलास बापाच्या मनांतील अशी गोष्ट बरोबर कळते.

आप्पा पलीकडे बसले होते. ते म्हणाले, “मीं वाचले कीं.”

दुसरें कांहीं बोलले नाहींत. वही उघडून त्यांनीं पट्टी धरून पहिल्या पानावरील जी. टी. ओ. हीं अक्षरें लाल शाईनें खोडलीं, वर ‘लमान्स’ असें लिहिलें, आणि खोडाखोडीशेजारीं आपली सही केली. चाळीस वर्षें गुणपत्रकें लिहिणाऱ्या माणसाची ती नुसती संवय होती. परंतु त्या सहीनंतर तो विषय आमच्या घरांत पुन्हां निघाला नाहीं. सामानपेटीवरील आणि बाजूच्या पत्र्यांवरील तीं उसनीं अक्षरें मुलानेंच दुसऱ्या दिवशीं काढलीं. त्यांचीहि पुडी झाली व तिलाहि क्रमांक मिळाला.

कामाचा अनुभव

पुढील साडेतीन वर्षांचें सविस्तर वर्णन करून वाचकांस कंटाळा आणीत नाहीं; नवशिक्यास उपयोगी तेवढें सांगतों.

तळ कापण्यापूर्वीं दारांच्या चौकटींत आडव्या-तिरप्या नळ्या जोडून सांगाडा जखडून घ्यावा लागतो; नाहींतर तळ निघतांच सबंध पेटी किंचित् वांकते आणि मग दारें जन्मांत नीट लागत नाहींत. आम्हांस हें आधीं कळलें तें शेजारच्या एका वृद्ध गृहस्थांच्या कृपेनें. त्यांनीं तीस वर्षें मोटारीच्या कारखान्यांत पत्रे जोडण्याचें काम केलेलें. वेल्डिंग त्यांनींच शिकविलें. आमच्या पहिल्या प्रयत्नांत जोड कमी व भोंकें अधिक पडलीं. मोटारीचा पत्रा जेमतेम एक मिलिमीटर जाड. त्यावर सलग सांधा घेत गेलें कीं तो तापून कढईसारखा फुगतो. येथें एक ठिपका, मग वीतभर अंतरावर दुसरा, मग थंड होईपर्यंत थांबणें, अशा रीतीनें ठिपक्यांची रेघ पुरी करावयाची. इंजिनियर म्हणून धातूच्या प्रसरणाचें गणित आम्हांस तोंडपाठ होतें. परंतु पत्रा किती वेळानें थंड होतो हें त्या गृहस्थांस हाताच्या पाठीवरून कळे. शिकलेल्या माणसानें हातानें काम करणाऱ्याजवळ विद्यार्थी म्हणून बसावें, हा या छंदाचा सर्वांत मोठा लाभ आम्ही समजतों.

लहान भागांचा गंज काढण्याची एक स्वस्त युक्ति मुलानें हातीं घेतली. प्लास्टिकच्या पिंपांत पाणी व धुण्याचा सोडा घालावयाचा. गंजलेला भाग बॅटरी भरण्याच्या यंत्राच्या ऋण टोंकास व टाकाऊ लोखंडाचा तुकडा धन टोंकास जोडून दोन्ही एकमेकांस लागूं न देतां पाण्यांत सोडावयाचे. रात्रभरांत गंज सुटतो व चांगलें लोखंड तसेंच राहतें. हें उघड्यावरच करावें, कारण त्यांतून हायड्रोजन वायु निघतो. आणि धन टोंकास स्टेनलेस पोलाद कधींहि लावूं नये, कारण पाण्यांत क्रोमियमचे विषारी क्षार उतरतात.

आमच्या पत्नीचें शिक्षण औषधशास्त्राचें. तिनें या कामांत एकच वाटा उचलला, पण तो सर्वांत मोलाचा. नुसत्या जॅकवर उचललेल्या मोटारीखालीं कोणीहि जावयाचें नाहीं, पक्क्या घोड्या लावल्याच पाहिजेत. जुन्या ब्रेकांची धूळ फुंकावयाची नाहीं, तींत अॅस्बेस्टॉस असतें, ती ओली करूनच पुसावयाची. ब्रेक साफ करण्याचे कित्येक द्रव क्लोरीनयुक्त असतात. ते लावलेल्या पत्र्यावर वेल्डिंग केल्यास प्राणघातक वायु उत्पन्न होतो. हे नियम तिनें कागदावर लिहून मोटारखान्याच्या दारावर चिकटविले आणि ते मोडल्यास कुलूप घालण्याचें भय घातलें. तिच्याच सांगण्यावरून शेवटचा रंग आम्हीं घरीं दिला नाहीं. आजच्या रंगांतील घट्ट करणाऱ्या द्रवाची वाफ फुफ्फुसांस फार घातक, आणि त्यास लागणारी बाहेरून हवा पुरविणारी साधनें आमच्याजवळ नव्हतीं. लांबी भरून घासणें, अस्तर देणें, पुन्हां घासणें, एवढें आम्हीं केलें. रंग धंदेवाईकाकडून करविला. विकणाऱ्यानें दिलेल्या लाल रंगाखालीं मोटारीचा जन्माचा गर्द हिरवा रंग निघाला होता. तोच पुन्हां दिला.

इंजिन वर्षानुवर्षें बंद राहून जाम झालेलें. नळकांडीं कारखान्यांतून किंचित् मोठीं करून घेतलीं, नवे दट्टे घातले, झडपांच्या बैठका कठीण पोलादाच्या बसविल्या. कारण शिशाचें पेट्रोल, ज्याच्या आधारावर तीं जुनीं इंजिनें चालत, तें येथील रस्त्यांवरील मोटारींस १९९६ पासून बंद आहे. या इंजिनांत नळकांडीं पेटण्याचा क्रम एक, आठ, चार, तीन, सहा, पांच, सात, दोन असा आहे. आप्पांनीं तो पाढ्यासारखा पाठ केला. इतकें असूनहि २०२२ च्या हेमंतांत पहिल्यांदा किल्ली फिरविली तेव्हां कार्ब्युरेटरांतून हातभर ज्वाळ निघाली व मोठा बार झाला. ठिणगी वांटणारें यंत्र आम्हीं अर्ध्या फेऱ्यानें उलट बसविलें होतें. पहिल्या नळकांड्याचा दट्ट्या वर येतो तो दोन वेळां, एकदां वायु दाबतांना व एकदां धूर बाहेर टाकतांना. ठिणगी पहिल्या वेळींच पडावयास हवी. भोंकावर बोट धरलें असतां दाब लागतो तो पहिला, एवढी ती परीक्षा. आम्ही ती करण्यास विसरलों होतों. दुरुस्ती केली आणि इंजिन बोललें. नव्या कॅमशाफ्टकरितां पहिलीं वीस मिनिटें तें मिनिटास दोन हजार फेऱ्यांवर थांबूं न देतां चालवावें लागतें. तीं वीस मिनिटें आमच्या घरांतील चारहि माणसें मोटारखान्याबाहेर थंडींत उभीं होतीं आणि कोणास कोणाचें बोलणें ऐकूं येत नव्हतें. तरी सर्वजण बोलत होतीं.

वुडवर्ड रस्त्यावर

डेट्रॉइटपासून पॉन्टिअॅक गांवाकडे जाणाऱ्या वुडवर्ड अॅव्हेन्यूवर साठीच्या दशकांत तरुण मंडळी रात्रीं असल्या मोटारींच्या चोरट्या शर्यती लावीत. त्याच रस्त्यावर १९९५ पासून ऑगस्टच्या तिसऱ्या शनिवारीं जुन्या मोटारींची मोठी जत्रा भरते. २०२० सालीं सांथीमुळें ती भरली नव्हती. २०२३ सालीं आम्ही आमची मोटार तेथें नेली. आप्पा पुढच्या आसनावर, मांडीवर वही, मागें मायलेंक.

एके ठिकाणीं थांबलों असतां एक वयस्क गृहस्थ जवळ आले. मोटारीभोंवतीं एक फेरी घालून त्यांनीं मुलास विचारलें, “जी. टी. ओ. ना?”

आम्ही पलीकडे उभे होतों. कोणी न विचारल्यास न सांगण्याची गोष्ट आम्हीं एकेकाळीं मनांत आणली होती. येथें तर कोणीतरी विचारीत होतें. आम्ही बोललों नाहीं.

“नाहीं,” मुलगा म्हणाला, “लमान्स. क्रमांक २३७ नें सुरू होतो. पाहा हवा तर.” आणि त्यानें कांचेच्या कोपऱ्याकडे बोट दाखविलें.

त्या गृहस्थांनीं वांकून खरोखरच आंकडे वाचले. मग म्हणाले कीं सकाळपासून पंचवीस-तीस जी. टी. ओ. पाहिल्या, पण लमान्स ही पहिलीच. त्यांच्या वडिलांपाशीं अशीच होती, आणि ते गाडी चालविण्यास शिकले ते तिच्यावर. बसूं का, म्हणून त्यांनीं विचारलें. ते चालकाच्या आसनावर बराच वेळ नुसते बसून राहिले. आप्पा शेजारींच होते. दोघांस एकमेकांचें बोलणें निम्मेंच समजत होतें. वही मात्र त्यांनीं पानें उलटून शेवटपर्यंत पाहिली.

जमाखर्च

व्यवहारी वाचक विचारतील, एकंदर खर्च किती आला? खरेदी धरून सुमारें बत्तीस हजार डॉलर; आणि विकावयास काढली तर तेवढे येणार नाहींत. धंदा म्हणून पाहिल्यास हा शुद्ध तोटा. तेव्हां ज्यांस हा छंद घ्यावयाचा असेल त्यांस आमचें सांगणें इतकेंच: मोटार घेण्यापूर्वीं क्रमांक वाचा, गंजाची परीक्षा टोंच्यानें करा, जितका खर्च वाटतो त्याच्या दुप्पट घरांत आधींच सांगून ठेवा, जें काम जिवावर बेतण्याजोगें आहे तें जाणत्याकडून करवा, आणि पहिल्या बोल्टापासून वही ठेवा. वही ठेवण्यास घरांतील वडील मनुष्य मिळाल्यास त्यासारखें भाग्य नाहीं.

मुलगा आतां पुढील शिक्षणास दूर जाईल. तो मोटार मागत नाहीं. वहीची नक्कल मात्र त्यानें मागितली आहे. नक्कल करतांना आम्हीं शेवटचें पान पाहिलें. आप्पांच्या ताठ अक्षरांत तेथें नोंद आहे: “एकूण पुड्या ६८४. बसविल्या ६७९. अक्षरांची पुडी १, बसवावयाची नाहीं. शिल्लक बोल्ट ४. जागा सांपडली नाहीं. शोध चालू.”